पोरीचा बाप बसत नसतो

पाहुणे जेवत असताना पोरीच्या बापानं बसायचं नसतं. ही साधी गोष्ट आमच्या गावाकडं, पिशोरात, शेंबड्या पोरालाही माहीत असते, पण जालना रोडवरच्या एवढ्या मोठ्या हॉटेलाच्या मॅनेजरला माहीत नव्हती. पुढचा सगळा घोळ त्याच्या अडाणीपणामुळं झाला. मी आजही हेच म्हणतो. (आमची सौ. वेगळं म्हणते. तिला म्हणू द्या!)

आमच्या वैशालीनं तोवर तीन स्थळं नाकारली होती. एकाला का, तर तो लई बोलतो. दुसऱ्याला का, तर तो बोलतच नाय. तिसऱ्याला का, ते तिनं सांगितलंच नाही. चौथं स्थळ परभणीचं, मुलगा वाळूजला कंपनीत इंजिनियर. हेही हातचं गेलं तर पिशोरला जाऊन भावकीला काय तोंड दाखवू, या काळजीनं मला झोप नव्हती. सौ. म्हणाली, घरीच पुरणाचा स्वयंपाक करते. मी म्हणालो, पुंडलिकनगरच्या आपल्या दोन खोल्यांत पाहुण्यांचे गुडघे एकमेकांना लागतील, आपण हॉटेलात नेऊ, शहरात राहतो ते कशासाठी?

मग पंधरा दिवस आम्ही दोघं हॉटेलं तपासत फिरलो. चायनीजवाल्याकडं इतका अंधार, की वाटीत काय आहे ते चव घेतल्यावरच कळावं, आणि मला तरीही कळलं नाही. मोगलाई हॉटेल झकास होतं, पण पाहुणे शाकाहारी. मद्राशाकडचा डोसा चांगला दोन हात लांब आला, पण सौ. म्हणाली, "डोसा घातला तर लोक म्हणतील, नाश्त्यावर कटवलं." शेवटी थाळीचं हॉटेल ठरलं. पाहिजे तेवढं खा, वाढपी फिरतच असतात. आपल्या पंगतीसारखंच की, असं मला वाटलं. चूक झाली असेल तर तेवढीच.

गुलमंडीच्या बाजारातून कापड आणून शिवलेला पांढरा शर्ट आणि काळी पँट घालून मी रविवारी दुपारी हजर झालो. मुलाचे आईवडील वेळेवर आले. मुलाला रविवारीही कंपनीनं बोलावलं होतं, तो परस्पर तिथंच यायचा होता. पाहुण्यांनी वैशालीला आणि सौ.ला बळंच सोबत बसवलं. मी मात्र पाहुण्यांच्या मागं हात बांधून उभा राहिलो. मॅनेजर आला. साहेब, बसून घ्या, म्हणाला. मी त्याला शांतपणे सांगितलं, "पाहुणे माझे हायत. पोरीचा बाप बसत नसतो." तो हसला! मला राग आला. वाढप्यानं व्याह्यांना निम्मी वाटी कढी वाढलेली बघून तर डोकंच फिरलं. मी त्याच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि वाटी काठोकाठ भरली.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून एक बाई म्हणाल्या, भैया, इधर भी कढी देना. आता पंगतीत मागणाऱ्याला नाही म्हणायची आमच्याकडं रीत नाही. दिली. पलीकडच्यांनी पापड मागितला. तोही आणून दिला. त्यांच्याही पलीकडं एक लठ्ठ गृहस्थ जिलेबीला नको नको म्हणत होते. पंगतीतलं 'नको' कुणी खरं धरतं का? मी त्यांना तीन जिलेब्या घातल्या आणि संपेपर्यंत समोरून हललो नाही. माणसं खूश होती. एका आजोबांनी तर, बऱ्याच दिवसांनी कुणी आग्रह केला, असं बोलून दाखवलं. अर्ध्या तासात मी सगळी टेबलं फिरलो.

मॅनेजर पुन्हा आला. आता हसत नव्हता. म्हणे गिऱ्हाइकं उठतच नाहीत, दाराशी रांग लागलीय, जिलेबी संपत आलीय. वा रे वा! बाहेर हातभर अक्षरांत 'पोटभर खा' लिहायचं आणि कुणी खरंच पोटभर खाऊ लागलं की बोंब मारायची?

या गडबडीत मुलगा येऊन आईशेजारी बसला होता. ओळख करून द्यायचं कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. (मी एका जागी होतो कुठं!) मी ताकाचे दोन जग घेऊन धापा टाकत त्यांच्या टेबलाजवळून निघालो, तेव्हा तो ताडकन उठला. म्हणाला, "काका, द्या इकडं. तुम्ही बसा घडीभर." दोन्ही जग घेतले आणि शेजारच्या दोन टेबलांना स्वतः ताक वाढून आला. सासऱ्याचा एवढा मान! मी भिंतीला टेकून डोळे पुसले आणि उरलेल्या जिलेबीसाठी भांडायला भटारखान्यात गेलो.

भांडण जरा लांबलं. बाहेर आलो तर मुलगा वैशालीशी कोपऱ्यात दहा मिनिटं बोलून, कंपनीचा फोन आला म्हणून निघूनही गेला होता. व्याह्यांनी पोटावरून हात फिरवत निरोप घेतला.

घरी आल्याबरोबर वैशाली म्हणाली, "पप्पा, मला हे स्थळ पसंत आहे."

मी खुर्चीत टेकलो. मग विचारलं, त्याच्यात असं काय दिसलं बाई तुला?

"मन चांगलंय त्याचं. मला म्हणाला, त्या म्हाताऱ्या वेटरची दमछाक बघून घास उतरेना, म्हणून उठलो. या वयात माणसाला असं राबवतात का, म्हणून मॅनेजरलाही बोलून गेलाय."

सौ. पदर तोंडाला लावून आत पळाली. माझं मात्र रक्त उसळलं. वयस्कर माणसाला राबवतात म्हणजे काय? मी तिथल्या तिथं चपला घातल्या, त्या मॅनेजरला जाब विचारायला निघालो, आणि दारातून वळून वैशालीला म्हणालो, "पण सगळी टेबलं तर मीच फिरलो ना गं, मला कसा नाय दिसला तो म्हातारा?"