ट्रंकेतल्या विटा

व्हीसीआरने मामाची कॅसेट खाल्ली तेव्हा मी चहा पीत होतो. दोष यंत्राचा, असं म्हणायची सोय आहे आणि सुरुवातीला मी तसं म्हणूनही पाहिलं. पण जुनी कॅसेट यंत्रात घालायच्या आधी तिचं झाकण उचलून बुरशी आलीय का ते बघायचं, टेप हाताने फिरवून मोकळी करायची, यंत्राचं हेड पुसून घ्यायचं, हे सगळं मी गिऱ्हाइकांना पोपटासारखं सांगतो. त्याचेच तर आम्ही जादा पैसे लावतो. मामाचं काम घरचं, म्हणजे फुकटचं. म्हणून मी कॅसेट सरळ आत ढकलली, बटण दाबलं आणि कपाकडे वळलो. आतून आधी कुरकुर ऐकू आली, मग कुणी वर्तमानपत्र चुरगाळावं तसा आवाज. धावत जाऊन वरचं झाकण काढलं, तर काळ्या टेपचा गुंता चाकांभोवती बसलेला. न्हाणीघराच्या जाळीत केस अडकतात तसा.

बाकीचा सिनेमा सुखरूप होता. गेली ती फक्त सुरुवात. आणि मामाला त्या अख्ख्या सिनेमातली हवी होती ती फक्त सुरुवात.

मी एका फोटो स्टुडिओत काम करतो. एके काळी इथे पासपोर्टच्या फोटोसाठी रांग लागायची म्हणे. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, त्यामुळे मालकांनी दारावर पाटी लावली: जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर करून मिळतील. लोक लग्नाच्या कॅसेटी घेऊन येतात, मी त्या दिवसभर बघतो. इतक्या लोकांची लग्नं पाहिलीत की स्वतःच्या लग्नाची हौस फिटली. एखादी बाई येते, म्हणते, यात माझे वडील आहेत, नीट बघून ठेवा, आता दुसरं काही उरलं नाही त्यांचं. मी डोळ्यांत तेल घालून बघतो. कॅमेरामनने झुंबर दाखवलेलं असतं, झुंबर फिरवून दाखवलेलं असतं, आइसक्रीमचे कप ओळीने दाखवलेले असतात. वडील एका कोपऱ्यातून खुर्ची उचलून जाताना अर्धे दिसतात. शाळेत इतिहास म्हणून जे शिकवलं तेही असंच होतं, हे मला या दुकानात कळलं. झुंबरं सगळी आहेत, खुर्च्या उचलणारे अर्धे.

तर मामा. आईचा धाकटा भाऊ. गावात त्याला कुणी नावाने ओळखत नाही, ‘बॅटरी’ म्हणतात. तो थिएटरात डोअरकीपर होता. दारात तिकीट फाडायचं आणि अंधारात बॅटरीचा उजेड पाडून लोकांना खुर्चीपर्यंत न्यायचं. आता लोक सिनेमाला वेळेवर कधी येतात? खेळ सुरू झाला की यायला लागतात. त्यामुळे पडद्यावर कुणाचा बाप मरायचा, कुणा भावाभावांची ताटातूट व्हायची, आणि मामा पडद्याकडे पाठ करून कुणाच्या तरी चपलांवर उजेड पाडत ‘जरा सरका’ म्हणत असायचा. सगळे स्थिरस्थावर झाले की तो भिंतीला टेकून बघायला लागायचा. तोवर नायक मोठा झालेला. नोकरीतला एकही सिनेमा मामाने पहिल्यापासून पाहिला नाही.

घरी येऊन मात्र तो आम्हा मुलांना सिनेमे सांगायचा, आणि सुरुवात पदरची घालायचा. त्याच्या प्रत्येक नायकाला हरवलेला भाऊ असायचा, मग तो शेवटपर्यंत सापडो न सापडो. मी हे इतकं मनावर घेतलं की इतिहासाच्या पेपरात एका राजालाही जुळा भाऊ दिला. सरांनी समासात लाल शाईने विचारलं, हे कुठून आणलं? मी वर्गात उभा राहून खरं ते सांगितलं, मामाकडून. त्यानंतर दहावी होईपर्यंत मलाही शाळेत ‘बॅटरी’ म्हणत.

याच मामाने एकदा सिनेमात काम केलं. निदान तो तसं म्हणतो. त्याच्या लग्नाआधी गावच्या बसस्टँडवर एका हिंदी सिनेमाचं शूटिंग झालं. गर्दीतून डोक्यावर ट्रंक घेऊन जाणारा एक माणूस हवा होता. दोघातिघांना चालवून पाहिलं, पण ट्रंक रिकामी, त्यामुळे सगळे वरातीत निघाल्यासारखे चालत. मग दिग्दर्शकाने म्हणे ट्रंकेत विटा भरल्या आणि मामाला उभं केलं. कॅमेऱ्यासमोरून लांब चालत जायचं आणि बसच्या दाराशी पोचलं की मागे वळून बघायचं. मामा चालला. वळला. झालं त्याचं काम.

लगेच पुढे मामीचं स्थळ आलं. मध्यस्थाने सांगितलं, मुलगा सिनेमात आहे. मामी पहिल्यांदा नवऱ्याची नोकरी बघायला गेली, तेव्हा तो एका म्हातारबुवांना लघवीला कुठे जायचं ते दाखवत होता. त्या दिवसापासून ती त्याला ‘आमचे हिरो’ म्हणते. ट्रंकेची गोष्ट निघाली की म्हणते, “आधी चार विटा होत्या. मग आठ झाल्या. आता यांचा मजला चढवायचा विचार आहे.”

सिनेमा लागला तेव्हा मामाने रजा काढली, खिशातले पैसे घालून तिकिटं घेतली आणि मामीला शेजारी बसवलं. दिवे गेले, नावं सुरू झाली, आणि दारातून एक कुटुंब आत येऊन अंधारात चाचपडायला लागलं. मामा उठला. मामी म्हणते, मी शर्ट धरून ओढलं, पण हे तोवर तीन ओळी पुढे. मी पडद्याकडे बघू की यांच्याकडे? मामा त्या कुटुंबाला जागेवर बसवून परत आला तेव्हा बसस्टँड होऊन गेलं होतं. आठवड्यात सिनेमाही उतरला.

तेव्हापासून मामाची एकच इच्छा आहे. मामीने एकदा, फक्त एकदा, ‘हो, तुम्हीच आहात’ म्हणावं. यासाठी त्याने आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शिक्षणाचा उपयोग करून घ्यायचं ठरवलं. इंटरनेटवर सगळं मिळतं म्हणतात. मांजरी पियानो वाजवतात ते मिळतं, अंडं कसं उकडायचं ते शंभर जण सांगतात. मामाचा सिनेमा एकाच ठिकाणी मिळाला आणि तो नायक मोठा झाल्यावर सुरू होत होता. ज्याने टाकला त्याने सुरुवात कापून तिथे स्वतःच्या दुकानाची जाहिरात जोडली होती. खाली कुणीतरी कधीचं विचारून ठेवलं होतं, सुरुवात कुठे आहे? उत्तर नव्हतं. मी त्या प्रश्नाला अंगठा दिला. आणखी काय देणार.

आणि अशात मामाच्या एका दोस्ताने, ज्याची पूर्वी व्हिडिओ लायब्ररी होती, कपाट आवरताना ही कॅसेट काढली. मामाने ती टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे आणून दिली. पुढचं सांगितलंच आहे.

दुसऱ्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात आला. मी थापा तयार ठेवल्या होत्या, पण गुंता टेबलावरच होता. पासपोर्टच्या फोटोसाठी गिऱ्हाइकाला बसवतो त्या स्टुलावर तो बसला, समोरच्या फ्लॅशच्या पांढऱ्या छत्रीकडे तोंड करून.

“किती गेलं?”

“सुरुवातीचं थोडं.”

“थोडं म्हणजे किती, ते मी तुला विचारलं तर तू पुन्हा जुळा भाऊ घालशील,” तो म्हणाला आणि उठून गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मग मी दुकानाचं काम बाजूला सारून गुंता सोडवायला बसलो. टेप बोटांनी उलगडायची, मऊ कापडावर ठेवायची, चमच्याच्या पाठीने सुरकुत्या काढायच्या. फाटली तिथे कापून पारदर्शक पट्टीने जोडायची. मालक येता-जाता विचारायचे, या गिऱ्हाइकाने ॲडव्हान्स किती दिलाय? मी ऐकलंच नाही असं करायचो. शेवटी दुसऱ्या यंत्रात, हेड पुसून, देवाचं नाव घेऊन टेप चालवली. पांढऱ्या रेघांच्या पावसातून बसस्टँड दिसलं. कॅमेऱ्याच्या बाजूने एक माणूस डोक्यावर ट्रंक घेऊन फ्रेममध्ये शिरला आणि पाठमोरा चालत लांब गेला. बसच्या दाराशी पोचला. थांबला. मान हलली, आणि तिथे माझी पट्टी आली. पट्टीच्या पलीकडे बस निघून गेलेली होती. मधला तुकडा माझ्या टेबलाखालच्या डब्यात पडला होता, चुरा होऊन. वळलेला चेहरा त्यात.

मामाची मुलगी शहरात कंपनीत आहे. तिला फोनवर सांगितलं तर ती माझ्यावर हसली. म्हणाली, दादा, तू कुठल्या जमान्यात आहेस, बाबांच्या लग्नाचा फोटो पाठव. मी पाठवला. जेवण होईपर्यंत तिने ॲपमधून तीन सेकंदं बनवून पाठवली. तरुण मामा, बसच्या दाराशी, डोक्यावर ट्रंक, मान वळवून बघतोय. डोळ्यांची उघडझापसुद्धा करत होता. रेघाही घातल्या होत्या तिने, जुन्याशी जुळाव्या म्हणून. एवढ्या दिवसांची माझी चमचेगिरी, आणि हिने ताटावर बसून उरकलं.

रविवारी ती घरी आली. आम्ही पेनड्राइव्हवर दोन फायली ठेवल्या, एक खरी, एक तिची. मामाला तिची आधी एकट्याला फोनवर दाखवली. त्याने फोन डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, परत जवळ आणला.

“छान आहे,” तो म्हणाला. “मीच आहे. पण याला ट्रंक जड लागत नाहीये.”

मुलगी म्हणाली, बाबा, आईला काय कळणार आहे? मामाने फोन तिच्या हातात परत दिला. याचा अर्थ आम्ही ‘चालेल’ असा घेतला.

संध्याकाळी टीव्हीसमोर बसलो. टीव्हीने आधी अपडेट मागितलं. मग पासवर्ड मागितला, जो मुलीने ठेवला होता आणि मुलगीच विसरली होती. मग म्हणाला, पेनड्राइव्ह ओळखता येत नाही. मामी म्हणाली, यापेक्षा थिएटर बरं होतं, तिथे निदान उठून गेलेला माणूस परत येत असे. तिने मटाराच्या शेंगांची परात मांडीवर घेतली आणि सोलायला लागली. मामा तिच्याकडे न बघता रिमोट धरून बसला होता.

एकदाचं चित्र आलं. रेघा, बसस्टँड, आणि तो माणूस. पाठमोरा. गुडघ्यांत किंचित वाकलेला, मान ताठ, एक हात ट्रंकेला, दुसरा तोल सावरायला बाहेर. पाऊल टाकायच्या आधी प्रत्येक वेळी कमरेतून जरासा थांबत होता. बसच्या दाराशी गेला आणि संपला.

मामीचे हात शेंगेवर थांबले होते. म्हणाली, “परत लाव.”

मामाने परत लावलं. माणूस परत चालला. या वेळी ती पुढे सरकून बसली, परातीतले चारदोन दाणे खाली घरंगळले, तिने उचलले नाहीत.

“विटा होत्या वाटतं खरंच,” ती म्हणाली.

मामाने घसा खाकरला. “आणि माणूस?”

“माणूस पाठमोरा आहे. तोंड दिसलं की बघू.”

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी मामाकडे. पडद्यावर दोन्ही फायलींची नावं एकाखाली एक दिसत होती. दुसरीवर नुसतं बटण दाबायचं होतं. मामी वाट बघत होती, आणि मला शपथेवर सांगता येईल, त्या वेळी तिला कुठलंही तोंड दाखवलं असतं तरी ती ‘हो’ म्हणाली असती. तिचं ‘हो’ ओठांपर्यंत आलेलंच होतं. मामाचा अंगठा त्या बटणावर गेला. तिथे राहिला. मग त्याने टीव्ही बंद केला.

“तोंड याने खाल्लं,” मामा माझ्याकडे हनुवटी करून म्हणाला.

मुलगी चिडून आत गेली. मामीने परात उचलली. स्वयंपाकघराच्या दारात थांबून म्हणाली, “किती होत्या?”

“काय?”

“विटा.”

मामाने रिमोट खाली ठेवला. “मोजल्या नव्हत्या,” म्हणाला. इतक्या वर्षांत हे त्याने पहिल्यांदा कबूल केलं.

मी निघालो तेव्हा तो दारापर्यंत आला. जिन्यात दिवा होता, माझ्या फोनलाही बॅटरी आहे, तरी त्याने आपली ती जुनी बॅटरी पेटवून माझ्या पायांपुढे उजेड पाडला.

“माझी तीन सेकंदं तुझ्याकडे राहिली,” म्हणाला.

त्याला आता बरेच दिवस झाले. कुठे त्या सिनेमाची दुसरी कॅसेट आहे का, म्हणून मी लायब्ररीवाल्यांना, भंगारवाल्यांना, इंटरनेटवरच्या अनोळखी लोकांना विचारत असतो. त्या जुन्या प्रश्नाखाली मीही लिहिलं, सुरुवात कुठे आहे? त्याला एक अंगठा आलाय. परवा मामाचा फोन होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, “माझ्या उधारीचं काय?”

मी म्हटलं, बघतोय.

“बघ,” म्हणाला, आणि फोन ठेवला.