साडेपाच तासांचं न्यूयॉर्क

न्यूयॉर्क मुंबईहून साडेपाच तासांवर आहे, असं मी एकदा आमच्या अख्ख्या आळीला पटवून दिलं होतं. वीस वर्षांपूर्वीची मी, घरातली एकटी दहावी पास. चष्मा नाकावर ओढून पुतण्याचं, महेशचं तिकीट वाचलं : पहाटे दीडला सुटणार, सकाळी सातला पोचणार. केली वजाबाकी. पोचायची वेळ तिकडच्या घड्याळाची असते, हे त्या शहाणीला कोण सांगणार? महेश माझ्या धाकट्या जावेचा, सुलभाचा, एकुलता. नवऱ्यामागं तिला तोच होता, आणि ती त्याला सोडायला तयार नव्हती. तिचं एकच विचारणं, "वयनी, मी मेली तर त्यो अग्नी द्यायला पोचंल का?" मी ठसक्यात म्हटलं, "अगं, खालापूरहून नागपूरला जायला याच्या दुप्पट लागतात." तिनं माझं ऐकलं. महेश गेला.

तिकडून त्याचा फोन आला, सोळा तास बसून पाय सुजलेत म्हणून. साडेबारा हजार किलोमीटर... सुलभानं फोन ठेवला, माझ्याकडं एकदा बघितलं आणि भाकऱ्या थापायला बसली. भांडली नाही. फक्त पुढं कधी मी पिशवी घेऊन चौक गावच्या बाजाराला निघाले, की मागून आवाज यायचा, "वयनी, चौकला चाललात? म्हंजे पाच मिनटांत याल." मीही हसायची. शेवटी तिचा दमा वाढला, खोपोलीच्या दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या, तेव्हा मात्र थट्टा सोडून विचारायची, "दारापासून दारापर्यंत धरा. किती?" मी मोजायला लागायची... विमानाचे सोळा, तिकडच्या विमानतळावरचे चार, मुंबईहून इथवर तीन, आणि तिकीट मिळेपर्यंत... "ऱ्हाऊ द्या," म्हणून ती कुशीवर वळायची.

गेल्या महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, एका सकाळी ती गेली. मयत उचलेपर्यंत आमच्या आळीत चूल पेटत नाही. तरी माणसं महेशसाठी थांबली, बर्फाची पेटी आणली. दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली ती आलीच नाही. पेटीखाली पाणी साचायला लागलं, पोरं बिस्किटांवर होती. जाणती माणसं माझ्यापाशी आली, "बाय, तुमी थोरल्या. काय करायचं?" महेशचा फोन बंद. त्याचं विमान तेव्हा कुठल्या समुद्रावर होतं, कोण जाणे. मी म्हटलं, "उचला." अग्नी माझ्या मुलानं दिला.

महेश तिसऱ्या दिवशी सकाळी आला, राख सावडायला. त्या दिवसांत मी त्याला सगळं सांगितलं, माझ्या वजाबाकीसकट. तेरावं उरकून परत निघाला, तेव्हा ओट्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. मी विचारलं, "रागावलास का रं?" त्यानं मान वर केली नाही.

"नाय काकी. पण तुझ्या वेळेला मला आधी कळवायला सांगू नको. सगळं उरकलं की फोन करा म्हणावं. आई थांबलीय, असं मनात धरून सोळा तास बसलो... परत नाय जमायचं."