बिरड्यातलं मीठ

माझ्या नवऱ्याने माझ्यावर कधी हात उगारला नाही. कात्रपच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तो शांत माणूस म्हणून ओळखला जातो. तो फक्त पहिला घास घ्यायचा, ताट जरासं पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, "मीठ." कधी जास्त, कधी घातलंच नाही. मग अगदी काळजीच्या सुरात, "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

सुरुवातीला मला संताप यायचा. माझ्या बाबांचं तारुण्य मिठागरात गेलं. आमच्याकडे मीठ चिमटीनेच पडायचं आणि बरोबर पडायचं. पण सहा वर्षं रोज तेच ऐकलं की माणूस स्वतःलाच खोटं ठरवायला लागतो. मी वाटीत आमटी घेऊन समोरच्या काकूंकडे जायला लागले. "बरोबर आहे गं," त्या म्हणायच्या. नवऱ्याला कळलं. "आता लोकांनाही दाखव वेड लागल्याचं," तो म्हणाला. मग तेही बंद झालं. दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. केस विंचरणंसुद्धा नको वाटायचं. गॅस बंद केलाय का, हे चार-चारदा उठून बघायचे, तरी खात्री नसायची.

गेल्या गणपतीत बाबा जेवायला आले. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो, म्हणून त्या दिवशी मी सगळं हाताच्या अंदाजावर सोडलं. बाबांनी वालाचं बिरडं तीनदा मागून घेतलं. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात नवरा हसून म्हणाला, "बघा बाबा, मीठ नुसतं ओतलंय. तुम्हीच सांगा तुमच्या लेकीला."

मी बाबांकडे पाहिलं. आयुष्यात कुणाकडे इतक्या आशेने पाहिलं नसेल. मिठाचा खडा जिभेवर ठेवून त्याचं आगर सांगणारा माझा बाप ताटाकडे बघत म्हणाला, "हां, जरा जास्तच झालंय." आणि उरलेलं बिरडं निमूट संपवलं. मला खरंच वेड लागलंय, हे तेव्हा मला पटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांचा फोन आला.

"बाय, मीठ बराबर होता गो. पन जावयाचे तोंडावर कसा बोलू?"

मी ओट्याला टेकून खूप रडले. माझी जीभ शाबूत होती, म्हणजे डोकंही शाबूत होतं. आणि हे ठाऊक असूनही माझा बाप पंगतीत खोटं बोलला होता.

संध्याकाळी नवऱ्याने ताट सरकवलं. "मीठ."

"बरोबर आहे," मी म्हणाले. इतकं हळू, की ते मलाच ऐकू आलं.