काचेवरची धूळ

आज दुपारी बहारीनच्या मुहर्रक शहरातल्या आमच्या घरावरचं आकाश पिवळं पडलं. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता यायला लागलं. "धूळच आहे," म्हणत माझ्या नवऱ्याने, संदीपने, खिडक्या लावल्या.

कॅनडातही तो असंच म्हणाला होता. गाडी भाड्याने घेऊन आम्ही दोघं तो अवाढव्य देश या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहायला निघालो होतो. एका सकाळी जंगलातल्या रस्त्यावर असंच पिवळं आकाश दिसलं. "धूळ! इथेही पाठ सोडत नाही," तो हसला. बहारीनमध्ये करतो तेच त्याने केलं. काचा वर, बाहेरची हवा बंद, एसी जोरात. म्हणूनच आम्हाला कसलाही वास आला नाही.

समोरून एकामागून एक गाड्या येत होत्या, टपावर गाद्या बांधलेल्या. आमच्या बाजूने एकही जात नव्हती.

"अरे, एवढे सगळे कुठे निघालेत?"

"सुट्टी असेल गं."

मग काचेवर काहीतरी करडं पडू लागलं. त्याने वायपर चालवले. धूळ निघून जाते. इथे काळे फराटे उठले. मी खिडकीची काच बोटभर खाली केली. जळक्या लाकडाचा वास भसकन आत आला.

"संदीप, ही राख आहे. गाडी वळव!"

तेव्हा मी आगीला घाबरले होते. आता आठवते ती गार, बंद गाडी आणि आमचं आरामात पुढे जाणं.

आज आतल्या खोलीत तो एसी वाढवतोय. मी खिडकी बोटभर उघडते. पण वास घेऊन बघायचा धीर होत नाही.