शेंगदाण्यात मायनस नसतो

बारामतीत ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानावर आमचं ऑफिस. तीन माणसं, एक कंपायलर. लिस्प नावाच्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमचा तो मशीन कोड करतो. त्यात चूक निघाली की एक किस्सा मागे उरतोच!

ह्या वेळी सुरुवात झाली उणे एकपासून. कॉम्प्युटरवर उत्तर उणे एक. यंत्रात बसणाऱ्या सर्किट बोर्डावर तोच प्रोग्रॅम चालवला तर दहा आकडी संख्या! मला धडकीच भरली. ‘आपलंच काहीतरी चुकलं असेल’ म्हणून अर्धा तास एकटीच कोड चाळत बसले.

*

तेवढ्यात बोर्डावरचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, ‘टक्’ वाजला आणि मी किंचाळले. कंपायलरचा मशीन कोड तयार करणारा भाग लिहिणाऱ्या यास्मिनताई धावत आल्या.

“अगं, रिले आहे तो, विंचू नाही!”

मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

*

मशीन कोड तपासायची आमची खास पद्धत आहे. प्रोसेसरमधलं आकडा ठेवायचं प्रत्येक रजिस्टर म्हणजे एक वाटी, आकडा म्हणजे शेंगदाणे. एकानं सूचना वाचायची, दुसऱ्यानं दाणे हलवायचे.

मागे एकदा उत्तर सारखं एकनं कमी येत होतं. तीन तास शोधाशोध! शेवटी हार्डवेअरवाले आसिफदादा तोंड पुसत म्हणाले, “तिसरं रजिस्टर जरा खारट होतं हां!”

*

आजही वाट्या मांडल्या. पहिली सूचना वाचली आणि ताईंचा हात हवेतच थांबला.

“उणे एक दाणा कसा ठेवायचा गं?”

वर्षभर आम्ही ऋण संख्या तपासलीच नव्हती! ऋण संख्येचे बिट उजवीकडे सरकवताना डावीकडच्या रिकाम्या जागी एक भरायला हवा, नाहीतर ती प्रचंड धन संख्या होते. आमचा कोड शून्य भरत होता.

“बग सापडला!” ताईंनी टाळी दिली. मी नाचलेसुद्धा!

*

आणि नाचता नाचता थांबले. ह्याच कोडवर चालणारं, दुधाचा कूलर चालू-बंद करणारं आमचं पहिलं यंत्र कालच वडगाव निंबाळकरच्या दूध केंद्रावर बसवलेलं. दूध चार अंशांच्या खाली गेलं की फरक उणे येणार, यंत्राला तो प्रचंड वाटणार, आणि कूलर थंड करतच सुटणार. सकाळचं सगळ्या गावाचं दूध गोठणार!

केंद्रावरच्या तात्यांना फोन लावला. उचलेनात. पुन्हा लावला. सातव्यांदा पलीकडून आवाज आला.

“तात्या, कूलर बंद करा! आत्ताच्या आत्ता!”

“व्हय मॅडम, तुमच्या डब्याची वायर मघाशीच उपटली. दुधाला हुडहुडी भरली हुती!”