कंपनीला माझ्याबद्दल काहीतरी कळलं होतं

चहा जरा जास्तच टाका. विमा काढताना मी जो घोळ घातला, तो एका कपात आटपणारा नाही. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण त्या दिवसांत मी अगदी मरणाच्या दारात उभा होतो. म्हणजे, निदान माझी तरी तशी खात्री होती!

तुम्हाला माहीतच आहे, गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावला बाजाराच्या रस्त्यावर माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. धानाच्या बांधीतला, म्हणजे शेतातला, पंप जळला की लोक मोटार माझ्याकडे आणतात. घर तिथून जवळच्या गावात. घरात मी आणि सुनंदा. मुलगी रुपाली गोंदियाला नर्सिंग शिकते. कमावणारा मी एकटा. एकदा दुकानात विजेचा झटका बसला. किरकोळच होता. पण त्या दिवशी मनात आलं, आपण गेलो तर या दोघींचं काय? त्यानंतर जेवण गोड लागेना.

सुनंदाचा धाकटा भाऊ प्रमोद विम्याचं काम करतो. त्याला बोलावून घेतलं.

"भाऊजी, मुदतीचा विमा घ्या," तो म्हणाला. "मुदतीत तुमी गेले तर ताईले रक्कम. नाई गेले तर काई नाई."

"म्हणजे जगलो तर पैसे बुडाले?"

"जगले तर जगले ना! अजून काय पायजे तुमाले?"

मग त्यानं हप्त्याचं गणित समजावलं. वय वाढलं की हप्ता वाढतो. तंबाखू खाणाऱ्याला जास्त. आईबाप कमी वयात एखाद्या आजारानं गेले असतील तर जास्त. अंगात साखर, रक्तदाब असेल तर जास्त. कामधंदा धोक्याचा असेल तर जास्त. रक्कम मोठी किंवा मुदत लांब घेतली तरी जास्त.

मला हे लगेच पटलं. अहो, मी तरी वेगळं काय करतो? मोटारीला गॅरंटी देताना आधी तिची चौकशी करतोच ना! किती जुनी, आधी जळाली होती का, विहिरीवर आहे की नाल्यावर? मोटार धड असेल तर हसत गॅरंटी देतो. दोनदा जळालेली असेल तर हात जोडतो. म्हणजे आता कंपनी मला उलटंसुलटं करून बघणार होती. मोटारीला कसं वाटत असेल, ते त्या दिवशी कळलं.

"तंबाखूचा खर्रा?" प्रमोदनं विचारलं.

"नाही."

"भाऊजी, गोंदिया जिल्ह्यात राहून? कंपनीले खरं वाटन का हे?"

"एकदा खाल्ला होता. समोरच्या दुलीचंदच्या लग्नात. गरगरलं आणि मांडवातच बसलो. लिही ते."

"तीस वर्सं होऊन राहिली त्याले! कायले लिहू?"

"लपवलं आणि उद्या पैसे नाकारले तर?"

खरं लपवलं तर पुढे कंपनी पैसे देताना अडून बसू शकते, हे प्रमोदनंच सांगितलं होतं. त्यामुळे मी सगळं लिहायला लावलं. लहानपणीच्या गोवरासकट! बिचारा घामाघूम झाला.

इथपर्यंत मी शहाण्यासारखा वागलो, हे मान्य करा. घोळ पुढे आहे.

मी कंपनीपासून काही लपवलं नाही. पण गावापासून सगळंच लपवलं! कारण काय, तर भीती. विमा काढतोय म्हटलं की लोक विचारणार, डॉक्टरनं काय सांगितलं? मग सगळे माझ्याकडे शेवटचं बघितल्यासारखं बघणार. नकोच ते. म्हणून रक्ततपासणीला निघालो, समोरच्या दुलीचंदचा चहाही नाकारला आणि त्यानं हटकलं, तेव्हा मी थाप मारली.

"काऊन रे देवराम, सकाळी सकाळी उपाशी कुठं जाऊन राहिला?"

"गोंदियाला. सरकारी कागदाचं काम आहे."

"उपाशीपोटी?"

"हो. रक्तही तपासतात म्हणे."

"कोनती योजना होय?"

"अजून नक्की नाही," म्हणालो आणि गाडीला किक मारली.

गोंदियात रक्त काढणारी मुलगी म्हणाली, "भैया, मुठ्ठी खोलो, हो गया." माझी मूठ उघडेना. तिनंच एकेक बोट सोडवलं.

पुढचे काही दिवस शांततेत गेले. आणि एका दुपारी दुकानात प्रमोदचा फोन आला. आवाज असा, की मी हातातली तार खाली ठेवली.

"भाऊजी, फाइल अटकली. कंपनी म्हणते, नागपूरले मोठी तपासनी करा. मंग हप्ता वाढवाचा की नाईच म्हनाचं, ते पाहू."

"कशाला? रक्तात काही निघालं?"

"तसं नाई सांगत ते. कंपनीले तुमच्याबद्दल काईतरी समजलं म्हनते."

"काय समजलं?"

"तेच तर मले सांगून नाई राहिले!"

आता तुम्हीच सांगा, यावर माणसानं काय समजायचं? जी कंपनी कोण केव्हा मरेल याच्या अंदाजावर चालते, तिला माझ्याबद्दल काहीतरी कळलं आहे. आणि मला नाही! मी दुकानाच्या आरशात जीभ बघितली. ती पांढरी वाटली. नाडी बघितली. धावत होती. छातीवर हात ठेवला, तर आत कोणी धान कांडत असल्यासारखं धडधडत होतं. समोर बाकावर एक जळकी मोटार पडली होती. तिच्याकडे बघवेना. कंपनीनं माझी गॅरंटी नाकारली होती!

घरी येऊन मी सुनंदाला काही बोललो नाही. फक्त म्हणालो, "बस इथं. गॅसचं पुस्तक कुठं असतं ते दाखवतो."

"तेरा वर्सांपासून मीच ठेवतो ना ते!"

"बरं, मग पंपाचा स्टार्टर दाखवतो. फ्यूज गेला तर कसा बसवायचा ते बघून घे."

मी तिला पंपाच्या खोलीत घेऊन गेलो. मग तिचा चेहरा उतरला. "अवो, काय झालं तुमाले? खरं सांगा. माझी शपथ आहे."

सांगितलं. तिनं डोळ्याला पदर लावला. मग मलाही आवरेना. रुपालीला परीक्षा होईपर्यंत कळवायचं नाही, असं आम्ही ठरवलं. पंपाच्या खोलीत, स्टार्टरसमोर उभं राहून. हसू नका हो! तुमच्यावर वेळ आली की कळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुलीचंदकडे गेलो. लहानपणापासूनचा सोबती. मनाचा धडा केला आणि म्हणालो, "दुलीचंद, माझ्यामागं घराकडं लक्ष ठेवशील ना रे?"

ओठ थरथरत होते. दुलीचंदनं माझ्याकडे बघितलं आणि मांडीवर थाप मारली.

"वा रे वा देवराम! अस्साच बोल! पन जरासा खोकत जा मधात. मंजूर होईपर्यंत सोडू नको!"

"काय मंजूर होईपर्यंत?"

"तुई योजना! तो मानूस आला होता ना मांगच्या आठवड्यात, ब्यागवाला. तू दुकानात होता. आमी सांबाळून घेतलं सारं!"

"काय सांभाळून घेतलं?"

आता आमच्या गावची एक रीत सांगतो. बॅग लटकवलेला अनोळखी माणूस आला, की तो सर्व्हे करायलाच आलेला असतो, असं आम्ही धरून चालतो. आणि सर्व्हेवाल्यापुढे शेजाऱ्याची परिस्थिती होईल तितकी वाईट सांगायची, ही आमची माणुसकी. एकमेकांसाठी आम्ही एवढं करतोच.

दुलीचंद सांगू लागला. "तो म्हने, देवराम इथं राहते का? मी म्हनलं, सध्या तरी राहते. पुढचं काई सांगता येत नाई."

"अरे बापरे!"

"मंग केसर काकू म्हनाली, रातभर खोकते बिचारा. बापही असाच गेला."

"माझा बाप आंब्यावरून पडून गेला!"

"आता ते कायले सांगाचं? त्याले पैसे भेटत नाईत."

शेजारच्या ओट्यावर केसर काकू तांदूळ निवडत होती. तिनं तिथूनच ओरडून सांगितलं, "मी रडली बी, देवराम! खरंखुरं पानी काढलं डोऱ्यातून!"

म्हणजे तो बॅगवाला कुठल्या योजनेचा नव्हे, विमा कंपनीचा होता, आणि कंपनीला माझ्याबद्दल कळलं होतं ते हेच! आधी आनंद झाला, की आपण मरत नाही. मग लक्षात आलं, आपण मरत नाही हे आता फक्त आपल्यालाच माहीत आहे! विमा गेला, रुपालीचा आधार गेला. आणि गेला कशानं? तर माझ्याच थापेनं. मग दोघांना खरं काय ते सांगितलं.

दुलीचंद आधी चिडला. "विमा काडतो आन आमाले सांगत नाई? आमी काय परके आहो का बे?" मग विरघळला. "भिऊ नको. तो परत येऊ दे. असा दुरुस्त करतो का पाहतच राहशीन."

"दुरुस्त काही करू नको. खरं सांग, म्हणजे झालं!"

"हौ हौ."

मी प्रमोदला सगळं कळवलं आणि त्यानं नागपूरची तपासणी थांबवून कंपनीला पुन्हा चौकशी करायला लावली. पुढच्या आठवड्यात तो माणूस पुन्हा आला. मी पुन्हा दुकानात! संध्याकाळी दुलीचंद रस्त्यातच आडवा आला. चेहऱ्यावर विजय.

"झालं काम! म्हनलं, देवरामले आजवर ताप म्हनून आला नाई. धानाचं पोतं एका हातानं उचलते. पुरात नाला पोहून जाते. आन साप निंगाला तर आख्खं गाव त्यालेच बलावते, हातानं धरते!"

"मी? साप?" अहो, साधी पाल दिसली तर मी सुनंदाला हाक मारतो!

"लगित जोर लावला मी," दुलीचंद म्हणाला. जोर फारच लावला होता, याची मला शंका नव्हती.

प्रमोदचा फोन सकाळीच आला. तो जवळजवळ रडतच होता.

"भाऊजी, तुमी साप धरता?"

"नाही रे बाबा!"

"पुरात पोहता?"

"मला पोहता येत नाही!"

"कंपनी म्हनते, आजारी मानसाचा हप्ता लावाचा का जिवावर उदार मानसाचा, तेच समजून नाई राहिलं. आता शेवटचा तो मानूस येईन. तुमी घरी राहा. आन भाऊजी, हात जोडतो, जेवढं विचारन तेवढंच बोला. एक शब्द इकडंतिकडं झाला तर फाइल बंद."

त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. खुर्चीत बसून मनाशी उजळणी करत राहिलो. फार धडधाकट दिसायचं नाही, सापवाला वाटेन. फार थकलेलंही दिसायचं नाही, खोकल्यावाला वाटेन. एवढ्यात घशात खवखवू लागलं. खोकला आला तर संपलंच! मी पाणी प्यायलो. मग वाटलं, इतकं पाणी पिताना बघून त्याला साखरेचा संशय येईल. तांब्या खाटेखाली सरकवला.

फाटक वाजलं. पंचविशीतला साधा मुलगा, खांद्याला बॅग. समोर दुलीचंद आणि केसर काकू आपापल्या ओट्यावर येऊन उभे. मी दोघांकडे हात जोडून बघितलं. दोघांनी तोंडावर बोट ठेवलं.

मुलगा समोर बसला. मोबाइल काढला, माझा फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "देवराम तुम्हीच ना?"

तुम्हाला सांगतो, एवढा अवघड प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. हो म्हणावं, तर कोणता देवराम? खोकणारा की साप धरणारा? घाम कानामागून ओघळत होता. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि सगळ्या गावादेखत म्हणालो,

"घरी विचारून सांगतो."

समोरच्या ओट्यावरून दुलीचंदनं कपाळावर हात मारल्याचा आवाज मला इथं ऐकू आला.

सुनंदा दारातून बाहेर आली. कमरेला पदर खोचलेला. "हेच होत ते. आजारपन काई नाई, बहादुरी तर बिलकुलच नाई. नुसते घाबरट आहेत. घ्या लिहून."

मुलगा हसू दाबत म्हणाला, "वहिनी, मी पहिल्या दिवशी फक्त पत्ता बरोबर आहे का, एवढंच विचारायला आलो होतो. रक्ताचे रिपोर्ट तर तेव्हाच साफ आले होते."

"मंग आता हप्ता किती वाढन?" तिनं विचारलं.

"काही नाही वाढणार. घाबरण्याचा हप्ता कंपनी लावत नाही."

पॉलिसी आली. सुनंदानं ती गॅसच्या पुस्तकाजवळ ठेवली आहे, आणि दुलीचंद येणाऱ्याजाणाऱ्याला ही गोष्ट स्वतःच सांगतो. पण मी अजूनही विचार करतो, कंपनीनं घाबरण्याचा हप्ता लावला असता, तर? माझा तो इतका मोठा निघाला असता, की भरण्यासाठी मला पुरात पोहून साप धरावे लागले असते!