अडचण आल्यास फोन करा

माझ्या मामेभावाला घरात सगळे स्टँडर्ड म्हणतात. हे नाव मीच ठेवलं आणि त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही. हा माणूस नोकरीत गोदामांसाठी प्रोग्रॅम लिहितो आणि उरलेल्या वेळात जगाला वळण लावतो. त्याच्या टेबलाच्या खणात तेरा जुने चार्जर आहेत, प्रत्येकाचं तोंड वेगळं. घरी आलेल्या माणसाला तो पाणी विचारायच्या आधी तो खण उघडून दाखवतो. "तेरा कंपन्या, तेरा तोंडं. एकत्र बसून एकच ठरवलं असतं तर काय बिघडलं असतं?" आलेल्या बिचाऱ्याला फक्त फोन चार्ज करायचा असतो.

वेबबद्दलही त्याचं म्हणणं हेच, फक्त जास्त लांबलचक. पान कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडलं पाहिजे, नव्या फोनवर तसंच दहा वर्षं जुन्या फोनवर. नियम सगळ्यांनी मिळून करायचे, उघडपणे लिहून ठेवायचे आणि मोठ्यातल्या मोठ्या कंपनीनेही ते निमूटपणे पाळायचे. एखाद्या साइटने 'कृपया अमुकच ब्राउझर वापरा' म्हटलं की हा त्या लोकांना दोन पानी पत्र लिहितो. उत्तर येत नाही. मग ते पत्र तो आम्हाला वाचून दाखवतो.

नुसतं बोलत नाही, हेही सांगितलं पाहिजे. त्याने नंबर लावायचा एक फॉर्म तयार करून जगाला देऊन टाकला होता. दवाखाना असो, वाचनालय असो की पोहण्याचा तलाव, कोणीही तो आपल्या साइटवर लावावा. लोकांनी तारीख निवडावी आणि वेळ घ्यावी. कोड, म्हणजे आतला सगळा लिहिलेला प्रोग्रॅम, सगळ्यांसाठी उघडा. घ्या, बदला, वाटा, विचारूसुद्धा नका. "उघडं ठेवलं की चूक लपत नाही," तो म्हणायचा, "कोणी ना कोणी पाहतोच." चार वर्षांत एक तक्रार आली नाही, हे तो कॉलर ताठ करून सांगायचा. माझ्या चष्म्याच्या दुकानाच्या साइटवरही तोच फॉर्म आहे. मी तो फुकट मिळाला म्हणून घेतला, तत्त्व म्हणून नाही, आणि हे त्याला ठाऊक आहे.

आता माझ्या आईबद्दल. ती त्याची आत्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होती. आता दोन खोल्यांत एकटी राहते आणि तारेचा जुना फोन काढून टाकायला तयार नाही. मी तिला दर बुधवारी आणि रविवारी फोन करायची आणि स्वतःला फार चांगली मुलगी समजायची.

एका बुधवारी तिचा फोन तासभर एंगेज लागला. मोबाइल तिचा नेहमीसारखा बंद. दुकान अर्ध्यावर सोडून धावत गेले, तर आई खुर्चीत ताठ बसलेली, कानामागे पेन्सिल, समोर वही.

"चौकोन उघडत नाही? बरं. फोन आडवा धरून बघा. नाही? थांबा हं, होल्ड करा." तिने रिसीव्हरवर हात ठेवला आणि मला म्हणाली, "कुत्र्यांचा दवाखाना आहे. बस."

चौकशी केली तेव्हा कळलं की हे बरेच दिवस चाललं होतं. सुरुवातीला महिन्यात एखादा फोन यायचा, आता दिवसाला दहा. नंबर कुठून मिळाला, असं तिने एकालाही विचारलं नव्हतं. "ऑपरेटर असं विचारत नसतो," ती म्हणाली. "फोन आला की उचलायचा."

पुढचा फोन मी उचलला आणि विचारलं. फॉर्मच्या खाली लिहिलाय, असं पलीकडची बाई म्हणाली. मी माझ्या फोनवर माझ्याच दुकानाचं पान उघडलं आणि पार तळाशी गेले. तिथे लिहिलं होतं, 'अडचण आल्यास फोन करा', आणि पुढे माझ्या आईचा नंबर. चार वर्षांत मी स्वतःच्या दुकानाचं पान एकदाही शेवटपर्यंत पाहिलं नव्हतं.

स्टँडर्डला बोलावून घेतलं. त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. झालं होतं असं की फॉर्म तपासताना त्याला एक फोन नंबर हवा होता. खोटा नंबर फॉर्म घेईना, कारण तपासणी यानेच इतकी कडक लिहिलेली. खरा नंबर पाठ होता तो एकच. हा लहान असताना गर्दीत जायचं झालं की माझी आई त्याच्याकडून तो घोकून घ्यायची, हरवलास तर हा सांग म्हणून. तो त्याने घातला आणि काढायचा विसरला. ज्यांनी फॉर्म घेतला त्यांनी ती ओळ तशीच राहू दिली. त्यात हा नियमांचा भक्त. नंबर शास्त्रशुद्ध लिहिलेला, पुढे देशाच्या कोडसकट. त्यामुळे बाहेरच्या देशांतूनही बिनचूक लागत होता.

"दर मंगळवारी एक जण करतो," आई म्हणाली. "त्याची भाषा मला कळत नाही. पण माणूस सभ्य आहे."

माझं डोकं फिरलं. "कोणी ना कोणी पाहतोच म्हणे. चार वर्षं कोणी पाहिलं नाही?"

"पाहिलं की," आई म्हणाली. "म्हणून तर फोन केले."

निघताना जिन्यात मी स्टँडर्डला बजावलं की हे बंद कर, आईला कळू न देता. तो म्हणाला, "काढतो. पण दिलेल्या प्रती परत मागता येत नाहीत. कोणी घेतल्यात तेच माहीत नाही. उघड्या कोडचं मर्मच ते आहे, की…" मर्म मी ऐकून घेतलं नाही. त्याने ती ओळ काढून फॉर्मची नवी आवृत्ती सोडली आणि सापडतील त्या दीडशे ठिकाणी पत्रं लिहिली. यावेळी चक्क उत्तरं आली. दोन महिन्यांत फोन आटले. आम्ही दोघं स्वतःवर खूश होतो.

मग बुधवारी मी फोन केला की आई तो अर्ध्या रिंगमध्ये उचलायला लागली. "हॅलो, बोला," असं तरतरीत आवाजात म्हणायची आणि मग, "तू होय."

एका रविवारी मी गेले, तर लाइनमन आलेला. फोन बिघडलाय अशी आईने तक्रार केली होती. त्याने फोन उघडला, डबी उघडली, जिन्यातली तार वरपर्यंत पाहून आला. "लाइन ठणठणीत आहे, काकू," तो म्हणाला. "फोनच येत नसतील."

आईने त्याच्या कागदावर सही केली. तो गेल्यावर तिने रुमाल घेतला आणि फोन पुसत बसली, आधीच स्वच्छ असलेला. मला माझीच लाज वाटली. मी तिला सगळं सांगून टाकलं आणि स्टँडर्डला बोलावलं.

तो खुर्चीच्या कडेवर बसला. बोलणी खायची त्याची तयारी होती. आईने एवढंच विचारलं, "माझा नंबर होता तिथे आता काय लिहिलंस?"

"काही नाही, आत्या. ओळच काढली."

"मग ती माणसं आता कुठे फोन करतात?"

स्टँडर्डने फोन काढून नवी आवृत्ती उघडली आणि पार तळाशी गेला. तिथे कोरी जागा होती.

आईने कपाटातून तीन वह्या काढून त्याच्या मांडीवर ठेवल्या. एक्स्चेंजची सवय. किती वाजता, कुठून, काय अडचण, सुटली की नाही. तो आधी गमतीने पानं उलटत होता, मग त्याची गंमत गेली. 'जुना फोन. तारखेचा चौकोन उघडत नाही.' पहिल्याच पानावर चार वेळा, पुढे प्रत्येक पानावर. एका आजोबांचे हात थरथरायचे, त्यांचं टाइप होईपर्यंत फॉर्म म्हणायचा की वेळ संपली. मोतीबिंदूच्या तपासणीची तारीख तीनदा हुकली. कुठल्याही फोनवर चाललं पाहिजे म्हणून जगाशी भांडणारा माणूस स्वतःच्या फॉर्मबद्दल हे वाचत होता.

"हे मला कोणी कळवलं का नाही?" तो हळूच म्हणाला.

"कुठे कळवायचं असतं?"

"फॉर्मच्या प्रोजेक्टचं एक पान आहे, तिथे. आधी खातं उघडायचं, मग लॉगिन करून…"

"मला फोन करायला कोणाला खातं लागलं नाही," आई म्हणाली. "कुठल्याही फोनवरून लागतो, कुठल्याही कंपनीच्या. हेच ना रे तुझं म्हणणं?"

दुसऱ्या दिवसापासून त्याने आठवडाभर रजा टाकली आणि आईच्या टेबलावर ठाण मांडलं. ती वहीतून एकेक अडचण वाचायची, तो दुरुस्त करायचा, मग ती स्वतःच्या जुनाट मोबाइलवर करून बघायची. झालं तर बरोबरची खूण, नाही तर "परत." नव्या आवृत्तीत 'अडचण आल्यास फोन करा' ही ओळ परत आली, पण नंबर रिकामा. प्रत्येक ठिकाणाने आपला भरायचा, नाही भरला तर फॉर्म उघडतच नाही. तिथे त्याची कडक तपासणी एकदाची कामाला आली.

मला वाटलं, मिटलं. पण आई म्हणाली, "नंबर लिहिला म्हणजे कोणी उचलतं असं नाही. एकतीस वर्षं पाहिलंय मी."

म्हणून आता प्रोजेक्टच्या पानावर सगळ्यांना दिसेल अशी एक यादी आहे. फॉर्म कोण कोण वापरतं आणि तिथे फोन उचलतात का. रोज दहा ते एक आई एकेक नंबर फिरवते. "हॅलो, तपासणी." शेरा ती सांगते, स्टँडर्ड टाइप करतो. प्रोजेक्टला हातभार लावणाऱ्यांच्या नावांत तिचं नाव सगळ्यात वर आहे, आणि घरी कोणी आलं की तो चार्जरच्या खणाआधी हे दाखवतो. मंगळवारचा सभ्य माणूस अजून फोन करतो. त्याच्याकडे जुनीच प्रत आहे, आणि ती बदलायला सांगायला आई तयार नाही.

बुधवारी मला तिचा फोन हल्ली एंगेजच मिळतो. गेल्या आठवड्यात दुकानात गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काच बसवत होते, तेव्हा फोन वाजला. हात मोकळे करून उचलेपर्यंत वेळ गेला.

"हॅलो, तपासणी."

"आई, मी आहे."

"कळलं," ती म्हणाली आणि तिने ठेवून दिला.

संध्याकाळी यादी पाहिली. माझ्या दुकानापुढे शेरा होता, 'सात रिंगा. उशिरा उचलतात.' मी स्टँडर्डला फोन करून फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "यादी उघडी आहे. दुरुस्ती कोणीही सुचवू शकतं. आत्याने ठरवलंय, शेरा पटला नाही तर कारण लेखी द्यायचं." मी मुकाट्याने लिहून पाठवलं की दुकानात गिऱ्हाईक होतं, शेरा काढावा.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता उत्तर आलं. 'नाकारलं. तुझा फोन मी अर्ध्या रिंगमध्ये उचलायचे.'